मिशीएवढा वेळ

“गिऱ्हाइकाच्या मिशीला देता तेवढा तरी वेळ पोरीला द्या!” आई कडाडली, तेव्हा पोर झोपेचं सोंग घेऊन पांघरुणात पडली होती.

“मिशी गप बसते,” बाबा म्हणाले. “तुझी पोर बसते का?”

“माझी? माहेराहून आणली होती का मी?”

बाबा न्हावी. दिवसभर त्यांची जीभ कात्रीच्या पुढं धावायची. आई धुलाईच्या कारखान्यात, सकाळच्या पाळीला. पोरीचं न्हाणं, खाणं, शाळेची तयारी उरकून तिनं धावत सुटायचं, आणि हे आरशापुढं मिशा कोरत बसायचे! त्या रात्री तिनं निकालच लावला. उद्यापासून वेणी बाबांनी घालायची. जमलं नाही तर पोर मावशीकडे राहील. मावशीच्या घरात हसायलाही परवानगी लागायची. पोरीनं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

सकाळी बाबांनी तिला दुकानातल्या खुर्चीत बसवलं. सवयीनं मानेभोवती कापड गुंडाळलं आणि सवयीनंच विचारलं, “दाढीपण करायची का?” बाकावरची गिऱ्हाइकं खो खो हसली. वेणी म्हणाल तर उंदरानं कुरतडलेला सुंभ.

हळूहळू हात बसला. मग एके दिवशी टोकं सारखी करताना बाबांचा पोस्टमनशी वाद रंगला. वादात त्यांची कात्री आपली आपणच चालायची. कच्च! उजवी वेणी फरशीवर. बाबांचा चेहरा साबण फासल्यासारखा पांढरा.

“आता मावशीकडे?” पोरीनं विचारलं.

“थांब, डावीपण कापतो. निदान शोभेल तरी.”

संध्याकाळी आई कमरेवर हात ठेवून उभी. “हे दिवे लावलेत होय!”

पोर मध्ये घुसली. “मी गेले तर केस वाढवणार कोण? ज्यानं कापले त्यानंच वाढवायचे. रोज तेल लावून!”

आईनं हसू लपवायला तोंड फिरवलं. “भोगा आता,” ती नवऱ्याला म्हणाली.

भोगलंच की त्यांनी. केस कमरेला टेकले, पोरगी बसकंडक्टर झाली, पलीकडच्या गल्लीत राहायला गेली, तरी बाबा सकाळी कंगवा घेऊन हजर. आई गेली, दुकान बंद पडलं. गिऱ्हाईक एकच उरलं, तेही फुकटातलं. बाबांचे हात थरथरायला लागले तेव्हा तिनं गुपचूप कात्री लपवली; कंगव्याला मात्र हात लावला नाही. वेणीचा पुन्हा सुंभ झाला. ड्रायव्हर विचारायचा, “कुणाशी झोंबाझोंबी करून आलीस?”

“बापाशी,” ती तोऱ्यात सांगायची.

बाबांच्या त्या शेवटच्या सकाळीही म्हातारा दम खात जिना चढला. मानेभोवती टॉवेल, मग तेल, भांग, वेणी, रबर.

“दाढीपण करायची का?”

“आज राहू द्या बाबा, घाई आहे. उद्या बघू.”

“बरं,” म्हणत त्यांनी टॉवेल झटकला, कंगव्यातले तिचे पिकलेले केस कागदात गुंडाळले आणि जाता जाता जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले.