गणपतरावांची चार वाजताची गाडी

कुठल्याही खोलीत गेले तरी गणपतराव दारापाशीच उभे राहतात. खुर्ची दिली तरी बसत नाहीत. बसलेच तर अर्धे बसतात. किराण्याचं बिल असो की लग्नाची पत्रिका, तिची उभी घडी घालून डाव्या हाताच्या दोन बोटांत धरतात. रस्ता सपाट असला तरी पाय फाकवून चालतात. चहा उभ्यानेच पितात. समोरचा हातभर अंतरावर असला तरी आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा काढतात. आणि मोबाइलवर कुणाचा फोटो आवडला की त्यावर दोनदा टकटक करून पुटपुटतात, "चला."

ही शेवटची सवय रितिकाच्या लक्षात सगळ्यात उशिरा आली. गणपतरावांची सगळी नोकरी नागपूर-उमरेड एसटीवर कंडक्टर म्हणून गेली. एसटीत दोनदा घंटी म्हणजे गाडी सोडा. एकदाच घंटी म्हणजे थांबा. इन्स्टाग्रामवर फोटोला दोनदा टकटक केलं की लाल बदाम उमटतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. "हे तं आपलंच हाय," ते म्हणाले होते.

रितिका हुडकेश्वरला त्यांच्याच घरात, वरच्या मजल्यावर, आईबाबांसोबत भाड्याने राहते. मराठी साहित्यात एम.ए. आहे. सध्या एका जाहिरात कंपनीला घरबसल्या ओळी लिहून देते. साडीच्या दुकानासाठी, बेकरीसाठी, दातांच्या दवाखान्यासाठी. वयात एवढं अंतर असूनही तिची आणि गणपतरावांची, म्हणजे गल्लीच्या काकाजींची, दोस्ती आहे, कारण दोघांनाही दुपारी झोप येत नाही. निवृत्त झाल्यावर हा माणूस बघता बघता अख्ख्या गल्लीचा मार्केटिंग सल्लागार झाला. तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तरी तिला ते अजून पुरतं पटलेलं नाही.

सुरुवात मायाच्या ब्यूटी पार्लरपासून झाली. मायाने मोठ्या हौसेने इन्स्टाग्रामवर पान उघडलं होतं. आठवडाभर मेंदीचे फोटो टाकले आणि मग सोडून दिलं.

"काहून वं, गाडी बंद पडली?" गणपतरावांनी पार्लरच्या दारातून विचारलं. आत पाऊल टाकायचं नाही एवढं त्यांना कळत होतं.

"कोणी पाहतच नाही, काकाजी."

"रिकामी गाडी बी टायमावर सोडा लागते. आज पाचगावले कोणी नाही चढलं, म्हणून उद्या पाचगाव सोडून देऊ काय? लोक आधी पाहतात, हे गाडी रोज येते का. मग बसतात."

मायाने रोज दुपारी चारला एक फोटो टाकायला सुरुवात केली. महिनाभरात पार्लरची बाकं भरू लागली. हे नवरात्राच्या तोंडावर झालं, तेव्हा श्रेय नक्की कुणाचं हे सांगणं कठीण. गणपतरावांनी मात्र ते घेऊन टाकलं.

मग ते दुकानोदुकानी हिंडू लागले. त्यांच्या सल्ल्यांत फी नव्हती आणि पर्यायही नव्हता. गाडी कुठे जाते ते समोरच्या पाटीवर लिहा, म्हणजे काय विकता ते व्हिडिओत पहिल्या झटक्यात दाखवा. वेळ बदलू नका. आणि कुणी हात दाखवला की थांबा, म्हणजे कुणी काही विचारलं की उत्तर द्या, मग तो घेणारा असो की नुसता विचारणारा.

सगळीकडे हे लागू पडलं असं नाही. कवडूचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने रोज चारला पंक्चरचा फोटो टाकला. ट्यूब रोज वेगळी होती, पण पंक्चर दिसायला सारखंच. शेवटी त्याच्या बायकोने फोन काढून घेतला.

"भाऊ, तुमच्या गाडीनं माझी इज्जत गेली न," कवडू म्हणाला.

"थांबा चुकला आपला," गणपतराव म्हणाले आणि पुढच्या दुकानाकडे वळले.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पार्वतीबाईंचं तसं नव्हतं.

पार्वतीबाई मागच्या गल्लीत राहतात. अंगणात चूल, चुलीवर पालथा मटका. सैल कणकेचा गोळा त्या दोन्ही हातांवर झुलवत लांबवतात, कोपरापर्यंत आणतात, आणि रुमालासारखा मटक्यावर टाकतात. ती लांब रोटी. पातळ इतकी की पलीकडची चूल दिसावी. पूर्वी लग्न असो, बारसं असो, लोक घरी निरोप धाडत. आता लग्नाच्या जेवणाचं काम केटरिंगवाले नेतात, आणि त्यांच्या त्यांच्या बाया असतात. चूल आठवड्यातून एखाद्या वेळी पेटायची. मुलगा प्रीतम पुण्याला असतो. त्याने सांगितलं होतं, दिवाळीला येतो, तुला घेऊन जातो. तिथे चौथ्या मजल्यावर लाकडाची चूल कशी पेटणार, हे कुणी बोललं नव्हतं. पण पार्वतीबाईंनी दोनातला एक मटका पुसून कोनाड्यात ठेवूनही दिला होता.

"दिवाळीपर्यंत पाहते," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तं जाते बापा पोराकडे."

गणपतरावांना हे ऐकून दोन दिवस जेवण गेलं नाही. मग ते वर आले आणि दारातच उभे राहिले. "रितिका, तू शिकलेली हायस. एक चांगला व्हिडिओ काढ."

रितिकाने काढला. जाळ, माती, सुरकुतलेले हात. मागे बासरी. खाली तिने ओळ लिहिली, "अग्नीच्या ओठांवर उमललेलं गव्हाचं गाणं." ती ओळ तिला स्वतःला फार आवडली. पसंती देणारे तिघंच, तिची मावशी, कॉलेजचा मोहित आणि गणपतराव.

पार्वतीबाईंनी व्हिडिओ नीट पाहिला. "छान हाय वं. पण हे बासरी कोण वाजवून राहिलं? माझ्या घरी तं कोणी वाजवत नाही."

दुसऱ्या खेपेला ठरलं की गणपतरावांनी बोलायचं. रितिकाने एक साधं वाक्य लिहून दिलं. ते पाठ करून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. तोंड उघडलं. काहीच निघालं नाही.

"काय झालं, काकाजी?"

"समोर तोंड करून मले बोलता येत नाही वं. कंडक्टर पाठीमागून बोलते."

मग पार्वतीबाई पुढे चुलीशी आणि गणपतराव मागे फाटकाशी, अशी मांडणी झाली. रितिकाने मोबाइल सुरू केला. पार्वतीबाईंनी गोळा हातावर घेतला. आणि फाटकावरून, वाक्य विसरलेल्या गणपतरावांच्या तोंडून, इतकी वर्षं निघत आलेलं तेच निघालं.

"चला, दिघोरी, विहीरगाव, पाचगाव, चांपा, उमरेड! मागं सरका, मागं सरका! अर्धा डब्बा खाली हाय मागं!" इथे त्यांना आपण कुठे आहोत ते आठवलं. पण आवाज निघाला होता, त्याला ब्रेक लागेना. "पार्वतीबाईच्या लांब रोट्या! हुडकेश्वर! रविवारी चार वाजता सुटणार! कोणालेच सोडून जाणार नाही!"

पार्वतीबाईंना हसू फुटलं. हसताना रोटी हातावरून घसरली. त्यांनी ती कोपराने झेलली आणि हसतच मटक्यावर टाकली. सरळ पडली.

रितिकाने व्हिडिओ पुसायचा ठरवला होता. घरी जाऊन एकदा पाहिला. मग पुन्हा पाहिला. आईने आतून विचारलं, एकटीच काय हसून राहिलीस? तिने बासरी लावली नाही. ओळही लिहिली नाही. चार वाजता व्हिडिओ इन्स्टाग्रामवर सोडला.

संध्याकाळी उमरेड जागं झालं.

"हा तं आपल्या कंडक्टरभाऊचा आवाज!" पहिल्याने लिहिलं. चांप्याची एक मास्तरीण म्हणाली, कॉलेजात असताना मी रोज झोपायची, हाच आवाज मला माझ्या थांब्यावर उठवायचा. कुणाचा विसरलेला डबा त्यांनी परतीच्या फेरीत आणून दिला होता. कुणावर तिकीट फाडताना रागावले होते, तोही आठवण काढत होता. सगळ्यांच्या शेवटी एकच शब्द, येतो.

गणपतराव पायरीवर उभे राहून एकेकाला उत्तर देत होते. या. या. तुम्ही बी या.

"काकाजी, सगळ्यांना या म्हणू नका. चूल एकच आहे."

"हात दाखवला तं काय सांगू? मागच्या गाडीनं या?"

"हो."

"मागं गाडीच नाही ना वं."

रविवारी दुपारी दिघोरीच्या चौकात उमरेडची गाडी थांबली आणि तिथून ऑटो भरभरून मागच्या गल्लीत येऊ लागले. मुलंबाळं, म्हातारे, एक नवं लग्न झालेलं जोडपं. अंगण भरलं, गल्ली भरली. लोक आधी गणपतरावांना भेटत, मग चुलीकडे पाहत. गणपतराव फाटकावर उभे राहून ओरडत होते, "या, या! जागा हाय!" जागा नव्हती.

एक रोटी व्हायला तिचा वेळ लागतोच. पार्वतीबाई घामाघूम झाल्या. हात थरथरू लागले. एक रोटी फाटली. दुसरी चुलीत पडली. त्यांनी कणकेचा गोळा परातीत टाकला.

"मी मशीन हाय काय, भाऊ? प्रीतम बरोबर म्हणते. नाही होत आता माझ्याच्यानं. मी जाते पुण्याले."

हे गणपतरावांच्या कानावर गेलं. पण तोंड बंद होईना. बाहेर आणखी एक ऑटो थांबला होता आणि आतल्या बाईने हात बाहेर काढून हलवला होता. "या, या, कोणालेच सोडून..."

रितिका फाटकाजवळ होती. तिला काय सुचलं ते तिचं तिलाही कळलं नाही. तिने फाटकाच्या पत्र्यावर हाताने एकदाच, जोरात, ठोकलं.

ठण्ण.

गणपतराव थांबले. शब्द अर्धाच राहिला. हात आपोआप वरच्या दांडीकडे गेला, जी तिथे नव्हती. त्यांनी वळून रितिकाकडे पाहिलं. मग गर्दीकडे. मग पार्वतीबाईंकडे. आणि तिने कधी पाहिलं नव्हतं ते झालं. ते जवळच्या खुर्चीवर पूर्ण बसले.

रितिकाने घसा साफ केला. एम.ए.च्या तोंडी परीक्षेत ती इतकी घाबरली नव्हती.

"आजची गाडी भरली," ती म्हणाली. "आत आहेत त्यांना रोटी मिळेल, पण वेळ लागेल. बाहेरच्यांची नावं मी पुढच्या रविवारसाठी घेते. नाव दिल्याशिवाय कुणी यायचं नाही."

कुणी रागावेल असं तिला वाटलं होतं. मागून एक म्हातारा म्हणाला, "चालते बाई. खिडकीची सीट देजो म्हणजे झालं." लोक हसले.

तेवढ्यात त्या शेवटच्या ऑटोतली बाई गर्दीतून वाट काढत चुलीशी आली. उमरेडच्या कुसुमताई. त्यांनी पदर खोचला, परातीतला गोळा उचलून दाबून पाहिला.

"पाणी कमी झालं वं बाई. दुसरा मटका हाय काय घरात?"

"तुमाले येते काय?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"लग्नाआधी पंगतीच्या पंगती जेवू घातल्या. आमच्या इकडे आता कोणी विचारत नाही, म्हणून विसरली असंन काय?"

पार्वतीबाईंनी कोनाड्याकडे बोट दाखवलं. विटा आल्या, दुसरी चूल मांडली. दोन बाया समोरासमोर बसल्या आणि एकमेकींच्या रोटीची लांबी डोळ्यांनी मापू लागल्या. थोड्या वेळाने पार्वतीबाईंचे हात थरथरायचे थांबले, कारण कुसुमताईंची रोटी बोटभर जास्त लांब झाली होती.

गणपतराव उठले. आता आवाज खाली होता. त्यांनी शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणवल्या आणि एसटीसारख्या मांडल्या. एका बाजूला दोन, एका बाजूला तीन, मधून वाट. म्हातारे आणि लेकुरवाळ्या पुढे. लोक गुमान बसले. त्या वाटेतून ते पाय फाकवून, हातात रोट्यांची टोपली घेऊन, शेवटच्या रांगेपर्यंत गेले. अंगण हलत नव्हतं. तरी एका ठिकाणी त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

त्यानंतर रविवार ठरून गेला. नावं रितिका घेते. ठरल्याच्या वर एकही नाव नाही. कुसुमताई सकाळच्या गाडीने येतात, संध्याकाळच्या गाडीने जातात. येताना कधी उमरेडचा एखादा हातमागाचा पंचा आणतात, मटका पुसायला. रितिका अजूनही ओळी लिहिते, पण ओळीला बासरी लावायच्या आधी एकदा पार्वतीबाईंना वाचून दाखवते.

दिवाळीला प्रीतम आला. रविवारी आला, हे त्याचं चुकलं. त्याला आल्या आल्या पाणी वाढायला उभं केलं. आई काही त्याच्याशी बोलायला मोकळी नव्हती. रात्री त्याने विषय काढला.

"येते ना पुण्याले," पार्वतीबाई म्हणाल्या. "सोमवारी येते. शनिवारी मले गाडीत बसवून देजो."

तो डब्यात रोट्या घेऊन एकटाच परत गेला.

आता पाटीचं तेवढं राहिलं आहे. गाडीला पाटी पाहिजेच म्हणून गणपतरावांनी एक पत्रा पिवळा रंगवला आणि त्यावर काळ्या रंगाने अक्षरं काढायला घेतली. "पार्वतीबाईची लां" इथपर्यंत आले, आणि कवडू धावत आला. त्याच्या बायकोने फोन परत दिला होता. तिचं म्हणणं होतं की पंक्चर नको, सायकल शिकणाऱ्या पोरी दाखवा. गणपतरावांनी ब्रश डब्यात उभा केला आणि गेले. तो दिवस गेला. तो आठवडाही.

अर्धी पाटी फाटकावर लटकलेली आहे. रविवारी लोक तिच्याखालून आत येतात.

"काकाजी, पाटी पुरी करा ना," रितिका म्हणते. "तुम्हीच सांगता, गाडी कुठे जाते ते समोर लिहा."

"करतो वं. आता मायाकडे जाऊन येतो."

आणि ते निघतात. ब्रश डब्यात उभाच आहे. रंगावर साय धरली आहे.