हा काय अवतार

"हा काय अवतार?"

मालकीण ओट्यावरून म्हणाली. मी खाली अंगणात. दहा-अकरा वर्षांची असेन. मायसोबत त्यांच्याच केळीच्या बागेतून आले होते, फ्रॉकभर चीक. हा चीक ओला असतो तोवर पाण्यासारखा. वाळला की काळा पडतो, मग काही केल्या निघत नाही. घरात लग्न होतं, पाहुणे बसलेले. मी फक्त पाणी मागितलं होतं. तिने गड्याकडून वरून ओतवलं. ओंजळीत कमी, अंगावर जास्त. "घे, डागपण निघतील." सगळे हसले.

घरी येताना मायला विचारलं, आपल्यालाच असं का. ती म्हणाली, "मागच्या जन्माचं पाप आहे पोरी. ह्या जन्मी फेडायचं." ती फेडता फेडताच मेली.

मी आमच्या गावी, निंबोल्यातच राहिले. त्याच बागेत घड कापायला. घर मालकाच्याच जागेवर. मान खाली, तोंडात हो बाई, हो भैया. पण खरं सांगते, कोयत्याला धार लावताना रोज मालकिणीचा गळा डोळ्यांपुढे यायचा. एकदा ती बागेत पाठमोरी उभी होती आणि माझा हात वर गेला. कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं. तसाच खाली घेतला.

देडतलाईची एक मावशी आमच्या गावात खोली घेऊन राहायची, बागेत कामाला यायची. येशूला मानणारी. तिला सांगून टाकलं. ती दचकली नाही. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "देवाने अवतार घेतला ना वं, तो आपल्यासारखाच घेतला. बाईच्या पोटी, गोठ्यात. सुताराच्या घरी राबला. लोक त्यालापण हसले, त्याच्यावर थुंकले." तिच्या चर्चचे पाळक म्हणे अवतार म्हणू देत नाहीत, देहधारण म्हणा म्हणतात. देव एकदाच आला, पुन्हा पुन्हा नाही. असेल. मला अवतार हाच शब्द लागला. तोवर तो मी शिवीसारखाच ऐकला होता.

मग म्हणाली, "जन्म हे पाप नाही. हात वर गेला, ते पाप. ते तुझ्याच्यानं फिटणार नाही. त्याने क्रुसावर आपल्या अंगावर घेतलं. तू आता खाली ठेव."

मी रडले. सगळ्या बायांसमोर. त्यानंतर कोयत्याला धार लावली ती घडासाठीच. मालकिणीवरचा राग गेला. पण मानही खाली जाईना, आणि तेच त्यांना खुपलं.

रविवारी मावशीच्या खोलीवर प्रार्थनेला जाऊ लागले. आधी बाहेर एक मोटरसायकल उभी राहायची. मग तीन-चार.  त्यांवरची पोरं मोबाईल वर धरून आत बघत बसायची. शेजारणीने माझी परात परत आणून दिली, आत न येता उंबऱ्यावर ठेवून गेली.

मग मालकिणीचा मुलगा दारात आला. आता तोच मालक. आवाज मऊ होता. मऊ होता म्हणूनच भीती वाटली.

"देख बाई, धरम बदलण्यावर कायदा आहे. ठाण्यात नाव जाईल. तुझंपण, त्या बुढीचंपण. त्यापेक्षा तापीच्या राजघाटावर चल. चार लोकांसमोर डुबकी मार, बोल की पाप झालं. किस्सा खतम. नाहीतर जागा खाली कर."

तापीशी माझं वैर नाही. तिच्याच पाण्यावर वाढले. मी म्हटलं, "पाप झालं होतं भैया. ज्याच्यापुढे कबूल करायचं, केलं. पाप सगळ्यांत असतं. तुमच्यातपण."

तो हसला. "सोमवारी गाडी येईल. चांगली साडी नेस. हा अवतार नको, फोटो निघतील."

उद्या सोमवार. मावशीच्या खोलीला कालपासून बाहेरून कुलूप आहे. कुलूप तिचं नाही. ती कुठे आहे, कोणी सांगत नाही.

भीती वाटते. खोटं कशाला बोलू. पण भांडी गोणीत भरून ठेवली आहेत, जागा गेली तर जाऊ दे. चिकाची साडी काढून ठेवली आहे, बागेतली, काळी पडलेली. गाडी आली की बसेन, पळाली असं कोणी म्हणायला नको. घाटावर सगळ्यांपुढे आधी विचारेन, मावशी कुठे आहे. पाण्यात पाय घालणार नाही. मायचं ते फेडणं माझ्यापाशी संपलं.

विचारतील, हा काय अवतार. सांगेन, माझा आहे. देवानेही हाच घेतला होता.