गाड्यांची स्थळं जुळवणारे सबनीस

शैलाचा फोन आला तेव्हा मी फ्रिस्कोला मुलाच्या घरी भेंडी चिरत बसले होते. "मालती, हे गेले गं," ती म्हणाली. "गॅरेजमध्ये स्टुलावर बसले होते. मी चहाला हाक मारली तर ओ आली नाही…" मी सुरी खाली ठेवली आणि माझ्या तोंडून काय निघावं? "हातात हातोडी होती का गं?" नवरा गेल्याचं सांगणाऱ्या बाईला असं कुणी विचारतं का? पण शैला रडता रडता हसली. "होती," म्हणाली. "सोडवून घ्यावी लागली."

विनायक सबनीस, म्हणजे माझे सबनीस भाऊजी. माझ्या यजमानांचे स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकतानाचे रूममेट. पुढे आमचे हे युनिव्हर्सिटीत शिकवायला लागले आणि भाऊजी पुलांच्या कामाला. सबंध पेनसिल्व्हेनियातल्या आडरस्त्यांवरचे लोखंडी पूल तपासत हिंडायचं आणि कुठला गंजून कामातून गेलाय त्याचा रिपोर्ट लिहायचा. त्यासाठी एक लहानशी हातोडी त्यांच्याकडे असायची. लोखंडावर मारली की ठण्ण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर गडबड. ही हातोडी नोकरीपुरती राहिली असती तर बरं झालं असतं! मी लग्न होऊन नागपूरहून तिथे गेले, पहिल्याच आठवड्यात आम्ही एक सेकंडहँड गाडी बघायला गेलो, तर हे गृहस्थ विकणाऱ्याच्या देखत वाकून गाडीला खालून ठोकायला लागले. भद्द, भद्द, भद्द. मग उभे राहिले, पँट झटकली आणि गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, ही आजारी आहे. हिला नेऊ नका, पण हिला कुणीतरी न्यायला पाहिजे." मला वाटलं, माणूस जरा सैल आहे डोक्याने. तीसेक वर्षं मी त्या मतावर ठाम होते, आणि तोंडावर सांगतही होते.

तर पुलांच्या निमित्ताने आडगावांतून फिरताना त्यांना गाड्या दिसायच्या. कुठे गोठ्यामागे, कुठे ओढ्याकाठी, कुठे पडक्या पंपाजवळ. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या, चाळीस-पन्नास वर्षं जुन्या गाड्या, दारातून झुडपं उगवलेल्या, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेल्या. आपण बघतो आणि पुढे जातो. भाऊजी थांबायचे, मालकाचं दार वाजवायचे आणि विचारायचे, "हिचं काय करणार आहात?" बहुतेक जण म्हणायचे, काही नाही, पडली आहे. मिरजेला त्यांच्या लहानपणी एका डॉक्टरांची गाडी डॉक्टर वारल्यावर दवाखान्याबाहेर पडून होती. पोरांनी आधी काचा नेल्या, मग दिवे, मग दारं. "माणूस गेला तर आपण बारा दिवस तरी करतो वहिनी," ते म्हणायचे, "त्या गाडीकडे कुणी वळून बघितलं नाही."

स्वतः मात्र त्यांनी एकही जुनी गाडी विकत घेतली नाही. त्यांनी घेतली ती मध्यस्थी. एक वही केली. डाव्या पानावर गाडी आणि उजव्या पानावर ती मागणारा माणूस. गाडीचं जन्मसाल, रंग, स्वभाव आणि व्यंग. व्यंग लपवायचं नाही, हा नियम. 'तळ सडला आहे, पण मन चांगलं आहे' असं चक्क मराठीत लिहिलेलं मी वाचलंय. माणसाच्या पानावर छप्पर असलेलं गॅरेज आहे का, बायकोची परवानगी आहे का, चिडका आहे का. आणि मग रीतसर बघण्याचा कार्यक्रम! हो, खरंच. शैला कांदेपोहे करायची. पोहे आमच्या तिकडे मिळत नसत, न्यू जर्सीची ट्रिप झाली की पोत्याने आणायचो, आणि ते पोहे हे भाऊजी कुठल्या कुठल्या अमेरिकनांना खायला घालायचे. धान्याच्या कोठाराबाहेर फोल्डिंगच्या खुर्च्या, गुडघ्यावर डिश, आणि समोर गंजलेली नवरी. "यू कॅन आस्क हर एनिथिंग," म्हणायचे. लोक हसायचे, पण पोहे संपवायचे. भाऊजी त्याबद्दल एक सेंट घेत नसत. अट एकच, गाडी चालू झाली की पहिली चक्कर सबनीसांना, काचा खाली करून.

वॉल्टरची गाडी त्यांना सापडली ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका हिवाळ्यात. वॉल्टर ऐंशीच्या घरातला शेतकरी, बायको एडना जाऊन बरीच वर्षं झालेली. कोठारात तिची गाडी, शेवाळी रंगाची, गोल पाठीची. दर रविवारी दोघं तीतून चर्चला जायची. ती गेली आणि वॉल्टरने कोठाराचं दार लावून घेतलं ते लावलंच. आता शेत विकलं होतं. महिनाअखेरीला ताबा द्यायचा आणि स्वतः ओहायोला मुलीकडे जायचं. शेत घेणारी कंपनी कोठार पाडणार आणि आतलं सगळं भंगारात घालणार. विकायलाही वॉल्टर तयार नव्हता. भाऊजींना म्हणाला, "लोक तिला कापतील. मोठं इंजिन घालतील, भडक रंग देतील. त्यापेक्षा भंगार बरं." आणि मग कोठाराच्या दाराकडे बघत… "मला फक्त ती एकदा रस्त्यावर चाललेली बघायची होती."

झालं! भाऊजींची झोप उडाली. तीन आठवडे हातात. वही काढली, फोनाफोनी केली. पहिला आला एक डेंटिस्ट, त्याला ती जांभळी करायची होती. वॉल्टर पोहे न खाता आत निघून गेला. दुसऱ्याचं रेस्टॉरंट होतं, त्याला ती दारात ठेवून टपावर पाटी लावायची होती. भाऊजींनी त्याला इतक्या गोड शब्दांत वाटेला लावलं की तो आभार मानून गेला. तिसरी आली रूथ. पन्नाशीची, शाळेची बस चालवायची, भले थोरले हात, थोडकं बोलणं. तिने बॉनेट उघडलं नाही की टायरला लाथ मारली नाही. मागच्या सीटवरचं उंदराचं घरटं हातांनी काढलं, बाहेर नेऊन गवतात ठेवलं, मग पुढच्या दारावर हात ठेवायची पट्टी एका जागी गुळगुळीत झाली होती तिच्यावर बोट फिरवून विचारलं, "इथे कोण बसायचं?" वॉल्टर म्हणाला, "एडना." रूथ म्हणाली, "मी ही पट्टी बदलणार नाही." बस्स. वॉल्टरने दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले.

ठरलं. रविवारी रूथ भावाचा ट्रेलर आणून गाडी नेणार. भावाचा ट्रेलर फक्त शनिवार-रविवारी मोकळा असायचा, आणि त्या शनिवारी तिला शाळेच्या मुलांना बसने मॅचला न्यायचं होतं. आणि इथे आले मी!

शुक्रवारी मी शैलाच्या किचनमध्ये उभी होते. भिंतीवर तिच्या आईने दरवर्षीप्रमाणे पोस्टाने पाठवलेलं मराठी कॅलेंडर. बघते तर रविवारच्या चौकोनात काळा गोल. "अगं बाई, रविवारी अमावास्या आहे की! अवसेला कशी काय गाडी हलवता?" भाऊजी डबे भरत होते. "वहिनी, मी पूल तपासताना अवस बघत नाही." मी म्हटलं, "पूल काही सासरी जात नाहीत. नवरी म्हणून मिरवता ना तिला? पोहे खाऊ घातले, स्थळ बघितलं, पत्रिका लिहिली. आता पाठवणी तेवढी अवसेला करणार?" माझं तोंड असं सुटलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. शैलानेही मान डोलावली. भाऊजींनी हातातला डबा खाली ठेवला. त्यांच्याच खेळात मी त्यांना पकडलं होतं. "बरं," म्हणाले, "पुढच्या शनिवारी." आणि रूथला फोन करून तारीख बदलली. मी घरी येऊन आमच्या यांना फुशारकीने सांगितलं, कसं गप्प केलं बघा.

रविवारी लख्ख ऊन होतं. बुधवारी बर्फ सुरू झालं, ते गुरुवारी पहाटेपर्यंत पडत होतं. सकाळी वॉल्टरचा फोन आला. कोठाराचं छप्पर खाली आलं होतं… गाडीवर.

मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. कोठाराची एक बाजू उघडी पडलेली, आत एवढी मोठी तुळई त्या शेवाळी टपावर आडवी, टप दबून स्टिअरिंगला टेकायला आलेला. वॉल्टर टोपी हातात घेऊन उभा. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्याने एवढंच विचारलं, "रविवारी का नाही नेली?" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "माय मिस्टेक, वॉल्टर. माझं एक काम निघालं. माझ्यामुळे राहिलं." आणि माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तोंड मिटलं. मग ते त्या थंडीत चांगला कोट घालून बर्फात आडवे झाले आणि गाडीखाली सरकले. आतून हातोडीचा आवाज यायला लागला. ठण्ण. ठण्ण. एकदा भद्द. मग पुन्हा ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मी आयुष्यात कुठलं गाणं इतकं कान देऊन ऐकलं नसेल. दाढीला बर्फ लागलेलं तोंड बाहेर आलं. "हाडं शाबूत आहेत," म्हणाले.

पण आता रूथला कोणत्या तोंडाने सांगायचं? ठरलेल्या लग्नात नवरीला अपघात झाला की सासरची माणसं काय करतात ते आपल्याला माहीत आहे. मी म्हटलं, "भाऊजी, थोडं लागलंय असं सांगा." ते म्हणाले, "व्यंग लपवायचं नाही, वहिनी." वॉल्टरच्याच फोनवरून त्यांनी तिला सगळं सांगितलं, तुळईच्या जाडीसकट. मी समोर उभी राहून गजाननाचा धावा करत होते. रूथने तिकडून काय म्हटलं ते ऐकू आलं नाही. दुपारी शाळेची फेरी संपवून ती स्वतःच हजर झाली, हातात साखळी आणि फावडं. गाडीभोवती एक चक्कर मारली. टपाच्या खड्ड्यात हात घातला. "डेंट आहे," म्हणाली. "ते मलाही आहेत." आणि बर्फ उपसायला लागली. मी वॉल्टरला मिठी मारली. तो बिचारा घाबरलाच, कोण ही साडीवर टोपीचा जाडजूड पार्का घातलेली बाई!

शनिवारी गाडी गेली. महिनाअखेरीला वॉल्टर ओहायोला गेला. जूनमध्ये एका रविवारी सबनीसांच्या दारात हॉर्न वाजला, म्हातारा, जाड आवाजाचा हॉर्न. रूथ चालवत होती. शेजारी, त्या गुळगुळीत पट्टीवर हात ठेवून, वॉल्टर. तिने ओहायोला जाऊन त्याला आणलं होतं. टप वर काढला होता, पण मधोमध एक पसरट खळगा तिने मुद्दाम ठेवला होता. मी निरांजन घेऊन धावले, गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. कुंकू लावताना वॉल्टर म्हणाला, "मलाही लाव." लावलं. मग भाऊजींची चक्कर! मागच्या सीटवर बसले, काचा खाली केल्या आणि आमच्या त्या शांत गल्लीतून लहान मुलासारखे हात हलवत गेले. वॉल्टर पुढे बसून डोळे पुसत होता, आणि आमचे हे, जे कधी कशाला टाळी वाजवत नाहीत, ते फुटपाथवर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर भाऊजींनी कितीतरी गाड्या खपवल्या, पण अवसेचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही काढला नाही. धीरच झाला नाही. वर्षानुवर्षं त्यांना वेडं म्हटलं, चेष्टा केली, पण 'भाऊजी, तेव्हा माझा दोष तुम्ही डोक्यावर घेतलात' हे एक वाक्य मला जमलं नाही. आज इथे लिहिते आहे. फार उशिरा लिहिते आहे.

गेल्या महिन्यात शैलाला मदत करायला मी स्टेट कॉलेजला गेले. गॅरेज आवरायचं होतं. स्टूल होतं तिथेच होतं. शैलाने हातोडी पुन्हा तिच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. तिच्यामागे त्याच खिळ्याला एक पिवळा पडलेला कागद टोचलेला. ओढून बघते तर कॅलेंडरचं पान, त्याच हिवाळ्यातल्या जानेवारीचं. रविवारचा काळा गोल, खाली बारीक अक्षरात छापलेलं, अमावास्या समाप्ती सकाळी नऊ दहा. आणि शेजारी पेन्सिलीने भाऊजींचं ते रिपोर्ट लिहायचं सुबक अक्षर: 'ही वेळ भारतातली. वजा साडेदहा तास. आपल्याकडे अवस शनिवारी रात्रीच संपली. रविवार निर्दोष होता. वहिनींना सांगू नये.'

मी त्या स्टुलावर बसले. म्हणजे अमावास्या नव्हतीच! इतकी वर्षं अमेरिकेत राहून मी भारतातली अवस पेनसिल्व्हेनियाच्या गाडीला लावली होती, आणि हा माणूस ते जाणून होता. माझ्या प्रत्येक टोमण्याला उत्तर म्हणून एवढा कागद पुढे केला असता तरी जन्मभर माझं तोंड बंद झालं असतं. मी हसायला लागले, मग रडायला लागले, मग दोन्ही. शैला दारात येऊन उभी राहिली. "मला माहीत होतं," म्हणाली. "मलाही दम दिला होता, बोलायचं नाही म्हणून."

खिळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल तशीच लोंबत होती. टोकही होतं तिला. मी ती घेतली, त्यांच्या शेवटच्या ओळीखाली जागा होती तिथे लिहिलं, 'वहिनींना कळलं,' आणि पान होतं तिथे, हातोडीच्या मागे, परत लावून ठेवलं.