मागच्या सीटचे पट्टे

पन्नाशी उलटल्यावर माणसं गुडघ्यांना तेल लावतात, देवदर्शनाचे बेत ठरवतात, फार तर जावयाच्या चुका काढतात. आमच्या अण्णाने गाडी शिकायला घेतली.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ शेषगिरी. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात त्याचं शिवणाचं दुकान आहे, आजोबांपासून चालत आलेलं. मी त्याची धाकटी बहीण अंबू. जन्मभर शाळेत शिकवलं आणि आता त्याच्याच घरी वरच्या खोलीत राहते. लोक म्हणतात माझी जीभ तिखट आहे. असेल. अण्णा आणि वरलक्ष्मीवैनी दोघंही इतके गोड आहेत की घरात कुणीतरी मिरची व्हायलाच हवं होतं.

गाडीचं खूळ त्याच्या डोक्यात कसं शिरलं ते सांगते. त्याची एकुलती एक मुलगी विशालाक्षी, हूटगळ्ळीला दिलेली. जावई हणमंत तिथल्याच एका कारखान्यात. त्यांची चार वर्षांची पोर आम्हाला भेटायला यायची ती बाइकवर, आईबापांच्या मधे चेपून. पोरीचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण कन्नडात लहानग्या मुलीला पुट्टी म्हणतात, तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं. एका दुपारी अण्णा दुकानाच्या पायरीवर उभा होता. हणमंतची बाइक एका रिक्षाला चुकवत आली आणि पुट्टीची चप्पल रस्त्यात पडली. नुसती चप्पल. पण अण्णा त्या दिवशी धड जेवला नाही. "चप्पल पडली, अंबू. उद्या पोर पडेल," म्हणाला. हे साधारण दोन हजार बाराच्या सुमाराचं.

मग नागराज नावाच्या मास्तराकडे शिकवणी लागली. नागराजने पुढे मला सांगितलं, "अम्मा, मी आजवर शिकवलेल्या लोकांना ब्रेक मारायला शिकवावं लागलं. तुमच्या अण्णांना ब्रेकवरचा पाय काढायला शिकवलं." लायसन मिळालं आणि पाठोपाठ एक वापरलेली पांढरी गाडी दारात आली. वैनीने ओवाळलं. मी गल्लीतल्या मांजरांना सावध केलं.

थट्टा पुरे. अण्णासारखा जपून चालवणारा माणूस मी पाहिला नाही. रविवारी सकाळी टायरची हवा, इंजिनातलं तेल, वायपरचं पाणी, मागचा दिवा, सगळं बघणार. टायरच्या खाचा झिजल्या का ते गळ्यातल्या टेपने मोजणार. पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवायचं याचं त्याचं स्वतःचं माप होतं. मधे एक नऊवारी पसरून मावली पाहिजे, आणि रिंग रोडला लागलो की तीन-चार जोडून. फोन वाजला तर वाजू दे. थांबलेल्या बसच्या बाजूने जाताना गाडी रांगवायची, कारण बसच्या पुढून पोर धावत येतं. आणि स्वतःचा पट्टा लावल्याशिवाय तो गल्लीतून गाडी मागेसुद्धा घ्यायचा नाही. पुढे बसणाऱ्यालाही सक्ती. मी एकदा म्हटलं, "अरे, कोपऱ्यावरच्या देवळात तर जायचंय." तर म्हणाला, "निधान, अंबू, निधान, सावकाश. घाई असेल तर तू चालत जा." मागून रिक्षावाले भोंगे वाजवायचे, कन्नडात आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. हा आपला शांत.

एवढा दक्ष माणूस, पण दिव्याखाली अंधार असतो तो असा. गाडीच्या सीटा त्याला आवडल्या नाहीत. उसवलेल्या, डागळलेल्या. त्याने बंगळूरहून किरमिजी रंगाचं जाड कापड मागवलं आणि दुकान बंद झाल्यावर कव्हरं शिवायला बसला. काय शिवली होती! कडेला पिवळी किनार, कुठे सुरकुती नाही, मापात बसलेल्या ब्लाउजसारखी घट्ट. मोहल्ल्यातले लोक दार उघडून बघून जायचे. मागच्या सीटवर मात्र त्याला एक गोष्ट खुपत होती. तिथले पट्टे इकडेतिकडे लोंबत होते आणि ते अडकवायची खटकी सीटच्या फटीतून डोकी वर काढून बसली होती. लोंबणारी दोरी, सुटलेला धागा, बाहेर डोकावणारं अस्तर, हे शिंप्याच्या डोळ्याला बघवत नाही. अण्णाने पट्टे गुंडाळले, खटक्यांसकट आत दाबले आणि वरून कव्हर ताणून पक्की शिवण घातली. सीट अशी सपाट झाली की बस्स. आम्हा कुणालाच काही वाटलं नाही. मागे बसणाऱ्याला काय होतं, असंच आम्ही सगळे समजत होतो. मागचे पट्टे म्हणजे आम्हाला कापडाच्या ठाणाला बांधलेली सुतळी.

पुट्टीला अज्जाच्या गाडीचं वेड लागलं. दर शनिवारी अण्णा हूटगळ्ळीला जाऊन तिला घेऊन यायचा. ती मागे वैनीच्या मांडीवर बसायची आणि येणाऱ्या प्रत्येक बसला टाटा करायची. अण्णा आरशात तिच्याकडे बघून हसायचा आणि लगेच नजर रस्त्यावर आणायचा. त्याचं सुख म्हणजे एवढंच होतं आणि ते त्याला भरपूर होतं.

श्रावणातली गोष्ट. वरुणा गावच्या एका शेतकऱ्याने मुलीच्या लग्नाचे कपडे आमच्याकडून शिवून घेतले होते, त्याने आम्हाला जेवायला बोलावलं. पुट्टीला ताप होता म्हणून ती आली नाही. मी पुढे, वैनी मागे. परतताना दोन्ही बाजूंना ऊस, रस्ता मोकळा, अण्णाचा वेग नेहमीचाच, म्हणजे बेताचा. उसातून एक वासरू उडी मारून मधे आलं. अण्णाने जसा मारायला हवा तसा ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. वासराला धक्काही लागला नाही. मला पट्ट्याने मागे धरून ठेवलं. आणि माझ्या पाठीवर धाडकन काहीतरी आदळलं.

ती वैनी होती. माझ्या सीटच्या पाठीवर तिचं तोंड आपटलं होतं, ओठ फाटला होता, हात मुडपला होता. अण्णा "वरू, वरू" करत मागचं दार उघडायला धावला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण माझ्यासमोर त्याने तिला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. वैनीने पदर तोंडाला लावला आणि पहिलं वाक्य काय बोलली? "देवा, पुट्टी मांडीवर असती तर?"

अण्णाने गाडी तडक दवाखान्याकडे वळवली.

हाताला प्लास्टर घातलं, ओठाला टाके पडले. बातमी ऐकून विशालाक्षी आणि हणमंत आले. हणमंत बोलायला मऊ आहे. तो गाडीत डोकावला, सीटच्या फटीत बोटं घातली आणि सासऱ्याला म्हणाला, "मावा, मागचे बेल्ट कुठे आहेत?"

"आत आहेत," अण्णा म्हणाला. म्हणाला आणि त्याचं त्यालाच कळलं. चेहरा उतरला.

हणमंतने पुट्टीसाठी बंगळूरहून लहान मुलांची बांधायची खुर्ची आणली होती. ती गाडीत बांधायलाच काही सापडेना म्हणून महिनाभर त्यांच्या कपाटावर पडून होती. सासऱ्याच्या शिवणकामाला नावं ठेवायची कशी, म्हणून बिचारा गप्प राहिला होता. विशालाक्षी गप्प राहणाऱ्यातली नाही, ती माझ्यावर गेली आहे. ती म्हणाली, "अप्पा, तुम्ही नीटच चालवता, मला माहीत आहे. पण पुट्टी आता तुमच्या गाडीत बसणार नाही. सॉरी अप्पा."

"बरोबर आहे तुझं," अण्णा म्हणाला.

मी त्याला म्हटलं, "अरे, टाके उसव आणि मोकळा हो. त्यात काय एवढं?" तो म्हणाला, "टाके उसवता येतात, अंबू. पोरीला सांभाळायला गाडी घेतली आणि तिला वाचवणारी गोष्ट मीच शिवून टाकली. माझा माझ्यावरचा भरवसाच उसवला." गाडीवर जुनी ताडपत्री पडली. दसरा झाला की विकून टाकायची, असं त्याने जाहीर केलं. शनिवारी पुन्हा पुट्टी बाइकवर चेपून येऊ लागली आणि अण्णा पायरीवर उभा राहून बाइक दिसेपर्यंत नखं खाऊ लागला. मला त्याचा फार राग यायचा आणि त्याच्याहून जास्त वाईट वाटायचं.

आयुधपूजेचा दिवस आला. म्हैसुरात त्या दिवशी सायकलपासून लॉरीपर्यंत सगळ्यांना हार असतो. आमच्या घरी मशिनं पुसून, कात्र्या, इस्त्र्या, टेप सगळं विठोबापुढे मांडतात, हळदकुंकू, शेवंतीची फुलं वाहतात. एकदा पूजा झाली की विजयादशमीच्या सकाळपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. हा आमच्याकडचा कडक नियम. आजोबांच्या काळी पाहुण्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं तरी त्याला टाचणी लावून परत पाठवत. आणि घरात हे नियम सगळ्यात जास्त पाळणारी कोण, तर वैनी. एकादशीला पाण्याचा घोटसुद्धा विचार करून घेणारी.

अण्णाने ताडपत्री काढून गाडी धुतली. पुढे केळीचे कोंब बांधले, काचेवर झेंडूचा हार सोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. विकायची असली तरी पूजा चुकवायची नाही. पूजा झाल्यावर लिंबं चिरडून सगळ्या घराने गाडीतून एक फेरी मारायची असते. सणाला आईबापांबरोबर आलेली पुट्टी गाडीचं दार धरून उभी राहिली. "अज्जा, रौंड!"

"बेडा, पुट्टी," अण्णा म्हणाला. "नको, राजा." विशालाक्षीने तिला उचलून घेतलं तशी तिने भोकाड पसरलं. हणमंत आभाळाकडे बघत होता.

वैनी आत गेली. आली ती हातात मोठी कात्री घेऊन. पात्यावर कुंकू तसंच, मुठीला शेवंतीचं फूल अडकलेलं.

"अय्यो! अगं, आज?" अण्णा ओरडलाच. "पूजेतली कात्री! ठेव, ठेव जागेवर."

"पूजा झाली नव्हं तिची? आता कामाला लावते."

"विठोबाला काय सांगशील?"

"विठोबाला माझं मी सांगते. पोरीला काही झालं तर हिला काय सांगू, ते तुम्ही सांगा मला." तिने विशालाक्षीकडे बोट केलं.

वैनी मागच्या सीटवर गुडघे टेकून बसली आणि त्या सुंदर किरमिजी कापडात तिने कात्री घातली. कर्रर्र. अण्णाने डोळे मिटले. शिवणीवर नाही, मधोमध कापलं. एक खटकं वर आलं, मग दुसरं, मग तिसरं, नवीकोरी, कुणी न वापरलेली. पट्टे ओढून बाहेर काढले. मग तिने सुईदोरा मागवला. दुकानातल्या ब्लाउजांची काजं वर्षानुवर्षं तीच करते, तेव्हा कापलेली कड उसवती ठेवणं तिच्या जिवाला पटेना. हात अजून पुरता वळत नव्हता, तरी प्रत्येक भोकाला तिने पिवळ्या दोऱ्याने गोल काज केलं. मग अण्णा वाकला आणि त्याने कापड ताणून धरलं. "इथे टाका जरा जवळ घे," हळूच म्हणाला. वैनी म्हणाली, "सुम्मने धरा," म्हणजे गपचूप धरा. मला हसू आलं.

हणमंतने बाइक दामटून कपाटावरची खुर्ची आणली. पट्टा तिच्यातून ओवला, गुडघ्याने दाबून घट्ट केला, गदागदा हलवून पाहिली. हलेना. आता सगळ्यांचे डोळे विशालाक्षीवर. तिने स्वतः खुर्ची हलवून पाहिली. काजातून आलेलं खटकं दोनदा लावून, सोडून पाहिलं. मग पुट्टीला आत बसवलं, तिचे पट्टे बांधले, शेजारी स्वतः बसली आणि स्वतःचाही पट्टा लावला. वैनीने पलीकडून लावला. मी पुढे.

अण्णा गाडीत बसला आणि पुन्हा उतरला. काचेवरचा हार आणि कुंकू समोरचं झाकत होतं. त्याने हार काढून हणमंतच्या गळ्यात घातला, काच स्वच्छ पुसली. परत येऊन बसला, पट्टा लावला, पण किल्ली फिरवेना. हात स्टिअरिंगच्या चाकावर नुसते ठेवलेले.

मागून विशालाक्षी म्हणाली, "अप्पा, शनिवारपासून पुट्टीला न्यायला तुम्हीच या. बाइकवर नको आता."

अण्णाने आरशात पाहिलं. खांदे हलायला लागले. एवढा मोठा माणूस, गल्लीतल्या शेजाऱ्यांसमोर रडायला लागला, आणि तसाच डोळ्यांतलं पाणी घेऊन त्याने किल्लीला हात घातला.

"अहो," वैनी म्हणाली, "आधी डोळे पुसा. रस्ता दिसला पाहिजे."

अण्णाने डोळे पुसले, आरसा नीट केला आणि गाडी काढली.