सील मीच तोडलं

माजलगावात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत संगणकाचा क्लास काढायचा, हा हट्ट माझा. अंबाजोगाईला तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि तेवढ्यावर मी स्वतःला इंजिनिअर समजत होते. त्याच खोलीवर मामंजींचाही डोळा होता. माझे हे सासरे शेजारीच पेंडीचं दुकान चालवायचे आणि त्यांना पोती ठेवायला जागा पुरत नव्हती. शेवटी ठरलं ते असं : सोमवारी क्लास सुरू झाला तर खोली माझी, नाही तर पोत्यांची. मामंजी बोलायला मऊ, पण शब्दाला पक्के. नऊ मुलींनी नावं दिली होती.

गुरुवारी बीडहून संगणक आला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याची साग्रसंगीत पूजा केली. पडद्याच्या वरच्या कडेला विभूतीच्या तीन रेघा, त्यावर बेलाचं पान. गल्लीतल्या बायका जमल्या. मग मला राहवतंय होय? बटण दाबलं की सीडीचा ट्रे आपोआप बाहेर येतो, पुन्हा दाबलं की आत जातो, हे मी पंधरा-वीस वेळा तरी करून दाखवलं. बायका "अगं बाई!" म्हणायच्या आणि मी पुन्हा दाबायचे.

शुक्रवारी सकाळी शिकवणीची सीडी घातली. ड्राइव्ह घर्रर्र करून थांबला. दिवा लुकलुकला आणि पडद्यावर इंग्रजीत नकार आला. सीडी पदराने पुसली. संगणक बंद केला, चालू केला. तिसऱ्या वेळी तर ट्रे बाहेरच येईना. माझा सगळा अभ्यासक्रम त्या सीडीत, आणि सीडी त्याच्या पोटात.

एसटीडी बूथवरून बीडच्या दुकानदाराला फोन लावला.

"मॅडम, तुमच्याकडूनच काहीतरी झालं असणार. आमचा माणूस बुधवारी येईल. तोवर हात लावू नका. सील तुटलं की गॅरंटी गेली."

"आमच्याकडून? अहो, त्याच्याजवळ चप्पल घालून कुणाला फिरकू दिलं नाही मी! तुमचा मालच खराब!"

हे मी इतक्या जोरात म्हणाले की फोनची तशी गरज नव्हती. बूथबाहेरच्या रांगेने ते गावभर नेलं आणि मी घरी पोचायच्या आत मामंजींना कळलं होतं.

"मंग? सोमवारी हातगाडी सांगून ठिवू का?"

"सांगा की. पण पोती तुमच्याच दुकानात उतरतील," मी म्हणाले.

शनिवारी सकाळी नुसतीच त्याच्यासमोर बसले होते, तर टेबलाच्या पायावरून मुंग्यांची ओळ वर चाललेली. संगणकाच्या डब्यावर चढून ती ट्रेखालच्या एका बारीकशा भोकात शिरत होती. या भोकाबद्दल कोर्सात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. मी बांगडीतली सेफ्टी पिन काढली, सरळ केली आणि आत खुपसली. काहीतरी सुटलं. ट्रे बोटभर बाहेर आला, उरलेला हाताने ओढला. सीडी उचलली, आत डोकावलं तर ट्रेच्या मागे सांडून अडकलेलं किसलेलं खोबरं, चिकट साखर आणि मुंग्यांची पंगत.

आत्याबाई दारातच सूप घेऊन उभ्या होत्या.

"आत्याबाई, हे खोबरं इथं कुणी ठेवलं?"

"मीच ठिवलतं. नवं कुणी घरात आलं तर त्याचं तोंड गोड न्हाई करायचं का? तू बटण दाबलं, त्यानं जीभ काढली. मी साखर-खोबरं ठिवलं. तोंड मिटलं ते तू!"

खरंच होतं. मी ट्रेकडे कुठे बघत होते? मी बघत होते बायकांच्या तोंडाकडे.

ते सगळं पुसून काढलं, तरी सीडी चालेना. खोबऱ्याचा ओशटपणा आतल्या भिंगावर गेला असणार. म्हणजे डबा उघडायचा, आणि डब्याच्या मागे ते सील.

तेवढ्यात मामंजी आले. "त्येला हात लावू नको. बुधवारी माणूस येतोय ना?"

"बुधवारपर्यंत पोत्यांना इथं दोन दिवस झालेले असतील, मामंजी."

आणि मी नखाने सील फाडलं. मामंजी माझ्याकडे बघत राहिले. लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदाच पुरती दिसले असेन.

शिलाई मशीनच्या पेचकसाने डबा उघडला, ड्राइव्ह सोडवला, खोलला. प्लग आधी काढला होता. तेवढं कोर्सात शिकवलं होतं. आत्याबाईंनी पूजेच्या टोपलीतली फुलवात दिली. ती स्पिरिटात बुडवून भिंगावरून फिरवली.

"हळू बाई, लेकराच्या डोळ्यात काजळ घालावं तसं," त्या कानाशी पुटपुटत होत्या.

सगळं परत बसवल्यावर दोन स्क्रू उरले. ते अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत.

लाइट गेलेली होती, ती चारला आली. सीडी घातली. पुन्हा तेच घर्रर्र. मी डोळे मिटले. "उघड डोळे," आत्याबाई म्हणाल्या, "रंगीत काहीतरी आलंय."

मी तशीच बूथवर गेले. "माणूस पाठवू नका. चाललं. सील मीच तोडलं."

"मग गॅरंटी विसरा, मॅडम."

"विसरले. आणि काल ओरडले ते चुकलं, तुमचा माल चांगला आहे. आमच्या घरी त्याला साखर-खोबरं भरवलं गेलं."

पलीकडे खूप वेळ हसणं चाललं.

"हसू नका. घालू नये म्हणून तुमच्या पुस्तकात कुठं लिहिलंय?"

नव्हतंच लिहिलेलं. ते पुस्तक मला पाठ होतं.

सोमवारी नऊ मुली आल्या आणि पाठोपाठ पोत्यांनी भरलेली हातगाडीही आली. मामंजी सावधच, हातगाडी त्यांनी रद्द केलीच नव्हती. मी उंबऱ्यात उभी राहिले. त्यांनी आत डोकावून चालू पडदा पाहिला, हातगाडीवाल्याला म्हणाले, "ओसरीवर उतरव बे."

संगणक एकच होता. एक मुलगी आत बसायची. बाकीच्या आठजणी नंबर येईपर्यंत ओसरीवर, पेंडीच्या पोत्यांवर. वर्षभर माझ्या क्लासचं तेच फर्निचर होतं.