यान उतरतानाची धून

वळसंगच्या महिपतीनं लहानपणी जत्रेतल्या तंबूत एक इंग्रजी सिनेमा पाहिला होता. गोष्ट काही कळली नाही, पण परग्रहावरचं यान माळावर उतरताना शंभरेक वादक मिळून जे वाजवत होते, ते त्याच्या कानात बसलं. मेंढरं राखताना तो तीच धून शिट्टीवर वाजवायचा.

पुढं तो सोलापुरात लग्नाच्या बँडचा मालक झाला. साठीला आल्यावर त्यानं ती धून साथीदारांना शिकवायला घेतली.

क्लॅरिनेटवाला सिदू म्हणाला, "मालक, तितं शंभर जन व्हते. आपन आठच हाय की."

"मंग जोरात फुका!"

नवी पेठेतल्या एका वरातीत त्यांनी ती वाजवली. सुरुवातीचे संथ, गंभीर सूर ऐकून नाचणाऱ्यांचे हात वरच थांबले. एका म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली आणि तो ताठ उभा राहिला. त्याचं बघून सगळी वरात सावधान झाली. नवरदेव घोड्यावरून उतरला. रिक्षावाल्यांनी इंजिनं बंद केली.

मुलीचे वडील शहाजीराव महिपतीजवळ येऊन हळूच म्हणाले, "राष्ट्रगीत हाय व्हय?"

"न्हाय ओ, यान उतरतंय," महिपतीनं सांगितलं.

"कुटं?" म्हणत त्यांनी वर पाहिलं.

महिपतीचं वाजवणं आजवर कुणी इतकं शांतपणे ऐकलं नव्हतं. डोळे पुसत त्यानं धून शेवटपर्यंत वाजवली.

त्याच आठवड्यात एका मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाची सुपारी आली. बोलावणाऱ्यांची अट एकच होती, "ते उभं राहायचं गाणं वाजवा."