हळदीच्या मासिकाचे वेलांटीकाका

कुणी मरणाची भाषा लिहिली तरी वेलांटीकाकांना आधी त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ दिसायचं. एकदा खटावकडच्या एका तरुणाचं आमच्या मासिकाला पत्र आलं होतं. घरचे लग्न ठरवताहेत, नाही म्हणायचं धाडस नाही, आणि शेवटी एकच ओळ : ‘विहिर घराजवळच आहे.’ मी ते पत्र काकांपुढे ठेवलं. काकांनी कानावरची लाल पेन्सिल काढली, ‘विहिर’खाली रेघ मारली आणि उत्तर लिहिलं : ‘विहीर, ही दीर्घ. पत्रात एकूण नऊ चुका आहेत. सुधारून आठ दिवसांत परत पाठव. मी वाट पाहतो आहे.’

मी चिडलो. म्हटलं, “काका, माणूस जीव द्यायला निघालाय आणि तुम्ही वेलांट्या मोजताय?”

“नऊ चुका सुधारायला माणूस आठ दिवस तरी थांबतो,” ते म्हणाले. “आणि तेवढ्यात सिस्टर पोचतात.”

पत्र पेटीत टाकून ते थेट एसटीडी बूथवर गेले आणि साताऱ्याला सिस्टरना, म्हणजे मासिकाच्या कामातल्या आमच्या नर्सबाईंना, फोन लावला. दुसऱ्या दिवशी सिस्टर लसीकरणाचं निमित्त काढून त्या गावात हजर. आठव्या दिवशी पत्र सुधारून आलं. त्यात दोन नव्या चुका होत्या. काकांनी त्याही कळवल्या. तो पत्रव्यवहार पुढे दीड वर्ष चालला.

काका सांगलीत एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. पन्नाशी ओलांडलेली, अंग किडकिडीत, पांढरा सदरा आणि खिशात कायम एक घडी घातलेलं प्रूफ. दिवसभर लग्नपत्रिका, अहवाल, शाळांच्या प्रश्नपत्रिका वाचायच्या आणि लोकांच्या वेलांट्या सरळ करायच्या. वेलांटीकाका हे नाव आम्हीच पाडलेलं. त्यांना ते माहीत होतं, आणि ‘वेलांटी स्त्रीलिंगी आहे, काका पुल्लिंगी, तेव्हा नाव आपल्या मासिकाला शोभतं,’ असं ते अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे.

त्या मासिकाचं नाव ‘हळकुंड’. मुखपृष्ठावर हळदीच्या रोपाचं चित्र, पहिल्या पानावर लागवडीचा सल्ला. घरात कुणाच्या हाती लागलं तर पहिलं पान वाचून माणूस ते खाली ठेवून देईल, अशी योजना. दुसऱ्या पानापासून आमचं जग सुरू व्हायचं : पुरुषांवर जीव जडलेले पुरुष, बायकांवर जीव जडलेल्या बायका, त्यांची पत्रं, कविता, एकट्यानं करायच्या स्वयंपाकाच्या कृती, लग्नाची बोलणी कशी टाळावीत याचे सल्ले. दर दोन महिन्यांनी चोवीस पानं. बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधून आणलेल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर आम्ही सांगलीच्या गावभागातल्या काकांच्या खोलीत ती काढायचो. त्या नव्वदच्या दशकात मुंबईला अशा लोकांचं काहीबाही सुरू झालं आहे, असं कानावर यायचं. पण मुंबई लांब होती.

मला ‘हळकुंड’ सापडलं ते इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर, बाकावर पडलेलं. माझे वडील सैन्यातून निवृत्त होऊन ऊस बघत होते आणि अर्धा एकर हळदही करत होते, म्हणून उचललं. दुसरं पान उलटलं, आणि सांगलीच्या दोन गाड्या माझ्यासमोरून निघून गेल्या. माझ्यासारखा माणूस जगात आणखी कुणी आहे, हे मी सव्विसाव्या वर्षी त्या बाकावर बसून पहिल्यांदा वाचत होतो. टपालपेटीच्या क्रमांकावर मी पत्र टाकलं. उत्तरात माझ्या सात चुका होत्या आणि खाली लिहिलं होतं : ‘चित्र काढता येते का?’ मी कुपवाडला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. पुढची पाच वर्षं स्टेन्सिलवरची हळदीची रोपं मीच काढली.

ते अंक बाकांवर सोडायचं काम सिस्टरांचं. त्यांचं घराणं साताऱ्याकडचं, त्यांच्या आजोबांनी छप्पन सालानंतर बौद्ध धम्म घेतलेला. घरातली शिकून नोकरीला लागलेली पहिली बाई म्हणजे सिस्टर, आणि आवाज असा की शेजारच्या वॉर्डातला रुग्ण उठून बसावा. अंकाचे गठ्ठे त्या लशींच्या रिकाम्या डब्यात घालून एसटीनं न्यायच्या. “ह्या डब्याला कंडक्टरसुद्धा हात लावत नाही,” म्हणायच्या. अंकातलं त्यांचं सदर त्या कधी लिहायच्या नाहीत, उभं राहून सांगायच्या. काका टंकयंत्रावर मान खाली घालून घेत राहायचे. एकदा सांगता सांगता त्या मध्येच थांबल्या. ज्या मैत्रिणीबरोबर त्या आठ वर्षं एका खोलीत राहिल्या होत्या तिचं लग्न होऊन ती सोलापूरला गेली होती, आणि त्या दिवशी तिच्या बाळाच्या बारशाचं आमंत्रण आलं होतं. काकांनी यंत्रावरची बोटं उचलली नाहीत, वरही बघितलं नाही.  मग म्हणाले, “पूर्णविराम देऊ, की अजून आहे?” सिस्टर म्हणाल्या, “अजून आहे.” आणि पुढं सांगू लागल्या.

काकांची हीच रीत होती. जवळ घेणं, पाठीवर हात ठेवणं त्यांना जमायचं नाही. खानावळीत ते अकरालाच जेवून यायचे, बाकीची मंडळी यायच्या आत. “पंगतीत लोक चौकशा करतात,” एवढंच म्हणायचे. सणाच्या दिवशी खानावळ बंद असायची. त्या दिवशी ते काय खायचे, हे मी पाच वर्षांत कधी विचारलं नाही. आता त्याची लाज वाटते.

एका रविवारी दुपारी आम्ही तिघं अंक जुळवत बसलो असताना दार वाजलं. बाहेर डोक्याला पटका बांधलेला, साठीचा एक शेतकरी. आदल्या दिवशी टपाल कार्यालयात विचारून तो तिथवर आला होता. मी पानांवर चादर टाकली.

“आवं, ह्ये हळदीचं पुस्तक तुमीच काढता नव्हं?”

“हो,” काका म्हणाले. 

“कंदकुजीचं लिवलंया त्ये बराबर न्हाई. औषधं समदी सांगितली, पर सरीत पाणी साटू देऊ नका, ह्ये कुटं हाय? मुळात रोग तितनंच येतुया.”

काकांनी वही ओढली आणि सगळं लिहून घेतलं. पाणी दिलं. तो माणूस पाणी प्याला, तांब्या खाली ठेवला, पण उठला नाही. मग त्यानं पिशवीतून सुतळीनं बांधलेले सात अंक काढून समोर ठेवले.

“ह्ये माज्या थोरल्याच्या पेटीत गावलं. गेल्या चैतापासनं पोरगं घरला न्हाई. मला वाचाया येत न्हाई. धाकट्या पोरीकडनं वाचून घेतलं. पैलं पान तिनं घडाघडा वाचलं. दुसऱ्या पानावर थांबली. म्हणली, दादा, ह्ये मला वाचवत न्हाई.” त्यानं अंकांवरची सुतळी सारखी केली. “मग मी न्हाई वाचाय लावलं. समजलं मला.”

सिस्टर उभ्या राहिल्या, भांडायच्या तयारीनं. काकांनी हातानंच त्यांना बसवलं.

“मी भांडाय न्हाई आलो, बाई,” शेतकरी म्हणाला. “पोरगं कुटं हाय, तेवडं सांगा. जित्तं हाय का न्हाई, तेवडं तरी सांगा.”

त्यानं नाव आणि गाव सांगितलं, आणि तो मुलगा कुठं आहे, हे काकांना ठाऊक होतं. त्याची पत्रं पुण्याहून यायची आणि मीही ती वाचली होती. पण कुणाचा नाव-पत्ता कुणालाही सांगायचा नाही, बापालाही नाही, हा मासिकाचा एकच नियम होता, आणि त्या एका नियमावर शंभरेक माणसांचा जीव टांगलेला होता. काकांनी वही पुन्हा पुढ्यात ओढली.

“जिवंत आहे. बरा आहे,” ते म्हणाले. “पत्ता देता येणार नाही. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो. तो वाचेल.”

त्या माणसानं पटका काढून मांडीवर ठेवला आणि भिंतीकडं बघत बोलायला लागला. काका लिहीत गेले. पुढच्या अंकात पान दोनवर ते जसंच्या तसं आलं : ‘बाळा, औंदा हळद काडून झाली. कंद चांगलं हायती. तुजी आई तुज्या ताटाला कुणाला हात लावू देत न्हाई. लगनाचं मी बोलणार न्हाई. कोण बोललं तर मी बगतो. मला समदं समजतंय आसं न्हाई. पर तू ये.’

स्टेन्सिल कापताना मी विचारलं, “काका, ‘लग्नाचं’ करू ना? ‘सगळं’ करू?”

“एका अक्षराला हात लावू नकोस,” ते म्हणाले, आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

दोन महिन्यांनी पुण्याहून कार्ड आलं. ‘जाऊन आलो. आईने ताट वाढले. दादा काही बोलले नाहीत, रानात घेऊन गेले आणि नवी लावलेली सगळी हळद दाखवली.’ काकांनी ते तीनदा वाचलं. त्यात एकही चूक नव्हती.

पुढच्या वर्षी छापखान्यात संगणक आला, पण काकांचं काम त्यानं घेतलं नाही. ते त्यांच्या डोळ्यांनी घेतलं. एका अंकात मला ‘प्रिती’ दिसली, ऱ्हस्व. मग ‘आठवणि’. काकांच्या नजरेखालून असं काही सुटणं म्हणजे काय, ते मला कळलं आणि मी गप्प बसलो. सिस्टरनी त्यांना ओढून मिरजेला नेलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेली ती नजर परत येणार नाही. काकांनी मला एवढंच विचारलं, “तुला दिसल्या होत्या ना चुका?” मी हो म्हटलं. “सांगायचं होतंस,” ते म्हणाले. पाच वर्षांत ते माझ्यावर रागावले ते तेवढंच.

जतकडून त्यांचा पुतण्या आला आणि त्यांना घेऊन गेला. भला माणूस होता तो, पण आम्ही कोण ते त्याला सांगता येण्यासारखं नव्हतं. “हे प्रेसमधले,” अशी काकांनी ओळख करून दिली. ‘हळकुंड’ बंद पडलं. टपालपेटीची किल्ली माझ्याकडं होती, पण माझ्याही घरी तेव्हा मुली बघणं जोरात चाललं होतं. मी भ्यालो. आठ महिने त्या पेटीकडं फिरकलो नाही.

जतच्या त्या घरी मी गेलो तेव्हा काका बाहेरच्या सोप्यात खाटेवर बसले होते, नजर पुरती गेलेली. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलणारं माणसांनी भरलेलं घर. सूनबाई त्यांना भाकरी कुस्करून द्यायची, मुलं अंगावर चढायची. कुणी काही कमी करत नव्हतं. आणि इतका एकटा माणूस मी सांगलीच्या त्या खोलीतही पाहिला नव्हता. चारचौघांत बोलायचं काय? मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. निघताना फाटकापर्यंत येऊन त्यांनी हळूच विचारलं, “पत्रं येतात का?”

“येतात.”

“उत्तरं देतोस?”

मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी रजा काढून टपाल कार्यालयात गेलो. पेटी उघडली तर पाकिटं दाबून भरलेली, आणि बाकीचा गठ्ठा कारकुनानं आत बांधून ठेवलेला. सिस्टरना बोलावून घेतलं. दोन रविवार आम्ही उत्तरं लिहीत होतो.

ती पत्रं घेऊन मी पुन्हा जतला गेलो. काकांना फिरवून आणतो असं सांगून रस्त्याकडेच्या चिंचेखाली नेलं आणि दुपारभर सगळी वाचून दाखवली. ते मांडीवर बोटानं काहीतरी खुणा करत ऐकत होते. शेवटचं पत्र संपल्यावर म्हणाले, “आता माझं घे लिहून.”

मी वही उघडली. त्यांनी सांगितलं ते थोडंच होतं. छापखान्यात एक कंपोझिटर होता, अक्षरांचे खिळे जुळवणारा. बावीस वर्षं दोघं एकाच खोलीत काम करायचे. प्रूफ काढलं की त्याच्या बोटांचे शाईचे ठसे कागदाच्या कडेला उमटलेले असायचे. काका मजकूर तपासून परत द्यायचे आणि कडेची पट्टी फाडून ठेवून घ्यायचे. पुढं तो निवृत्त होऊन गावी गेला आणि तिकडंच वारला. ते कळलं तेही त्याच्या दिवसकार्याची पत्रिका छापायला आली तेव्हा. ती काकांनीच तपासली.

“त्याला माहीत होतं?” मी विचारलं.

“त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.” मग म्हणाले, “एवढं पुरे. छापू नकोस. कुणीतरी लिहून घ्यावं, एवढंच होतं.”

संध्याकाळी पुतण्या काकांना न्यायला आला आणि पाठोपाठ सांगलीची गाडी आली. मी त्यांना पुतण्याच्या हाती सोपवून चढलो आणि खिडकीतून हाक मारली. नेमका तेव्हाच समोरून एक ट्रक गेला. काकांनी हात वर केला आणि त्या ट्रकच्या आवाजाकडं तोंड करून बराच वेळ हलवत राहिले. गाडी सुटली तरी ते तिकडंच बघत होते. पावसाळ्यात पुतण्याचं कार्ड आलं, काका गेल्याचं.